खिडकीचे चार गुण

सतरा दोष आहेत. सगळे सांगत नाही, पुढच्या वर्षीही परीक्षा आहे.

दोष पहिला. पाण्याच्या पिंपावर झाकण नाही. (एक गुण)

झाकण असतं. आजी ते कधीच उघडं टाकत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी जाते, झाकण उचलते आणि मागच्या बोळात फळीआड लपवते. आजी बघत असते. म्हणते, "डास आले की सांगते त्यांना, या, मॅडमनी बोलावलंय."

दोष तिसरा. औषधांची पाकिटं साखरेच्या डब्याशेजारी, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर. (एक गुण)

ती वरच्या फळीवर असतात. खाली मी आणते.

दोष पाचवा. दाराशी फरशी ओली. (अर्धा गुण)

पाणी मी ओतते. एका तांब्यात काम होतं. दुपारी वाळलं तर आणखी एक.

मी काय काम करते ते आता सांगायला हवं. वैद्यकीय महाविद्यालयात माणूस आजारी पडल्यावर काय करायचं हे शिकवणारे पुष्कळ विभाग आहेत. आमचा एकच विभाग, माणूस आजारीच पडू नये म्हणून काय करायचं हे शिकवणारा. त्यामुळे आमच्या तासाला मुलं झोपतात. इतरांच्या तासाला निदान जागेपणी मोबाइल बघतात. बारा वर्षांपूर्वी आमच्या विभागप्रमुख सरांनी ठरवलं की फळा बास झाला, मुलांना घरात न्यायचं. खऱ्या घरात, खऱ्या माणसांसमोर. एकेका विद्यार्थ्यानं आत जायचं, आठ मिनिटं घर बघायचं, आजाराला आमंत्रण देणारे दोष टिपायचे आणि उरलेल्या दोन मिनिटांत घरच्या बाईला समजेल अशा भाषेत आरोग्याचा सल्ला द्यायचा. महाविद्यालयाच्या मागच्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांनी निवडलं. पद्धत गाजली. दुसऱ्या महाविद्यालयांतून लोक ती बघायला येतात.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत राहणं, मागच्या खोलीत इस्त्री. आजी कोळशाच्या इस्त्रीनं आमच्या मुलांचे पांढरे कोट कडक करून देते. म्हणजे परीक्षेला जो मुलगा दारात उभा राहतो, त्याच्या अंगावरचा कोट आदल्या दिवशी याच घरातून गेलेला असतो. वास घेतला तर कळेल. वासाला गुण नाहीत.

मीही याच घरात परीक्षा दिली होती. सतरापैकी सतरा. सरांनी माझी वही वर्गाला दाखवली होती. तेव्हा आजी मला "पोरी" म्हणायची. आता "मॅडम" म्हणते, पण "अहो" काही म्हणत नाही.

अडचण अशी झाली, की आजी शिकली.

वर्षाला साठ मुलं, प्रत्येकाची दोन मिनिटं, बारा वर्षं. पालथ्या घड्यावरसुद्धा इतकं पाणी ओतलं तर तो सरळ होईल. झाकण आलं. औषधं वर गेली. फरशी कोरडी. हात धुवायचे तर बोटांच्या बेचक्यांपर्यंत, नखांपर्यंत, मनगटापर्यंत. एकदा मला म्हणाली, "मॅडम, काल तू शिंकलीस तेव्हा तोंडावर कोपर धरलं नाहीस. लोका सांगे ब्रह्मज्ञान." वर्षातले तीनशे साठ दिवस तिच्या घराइतकं निरोगी घर त्या गल्लीत नसेल. मग परीक्षा कशाची घ्यायची? म्हणून आदल्या दिवशी मी जाते आणि घर बिघडवते. विभागात या कामाला "मांडणी" म्हणतात. माझ्याकडे यादी आहे. परीक्षा संपली की सगळं जागच्या जागी ठेवून देते. त्यात कधी कुचराई केलेली नाही.

एकच दोष मांडता येत नाही आणि उचलताही येत नाही.

दोष सातवा. मागच्या खोलीला खिडकी नाही. (चार गुण)

*

"पिंप सगळ्यांनाच दिसतं," सर म्हणतात. "आंधळ्यालाही दिसेल, तो अडखळेल त्याच्यावर. पण भिंत बघून, इथे खिडकी हवी होती, हे किती जणांना सुचतं? जे नाही ते ज्याला दिसतं, तो डॉक्टर."

वाक्य चांगलं आहे. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. साठात दहा-बारा जणांना खिडकी सुचते. बाकीचे त्या खोलीत उभे राहतात, डोळे चोळतात, खोकतात आणि लिहितात, "कपड्यांचा ढीग अव्यवस्थित."

*

गृहभेट नमुना, पान एक.

घरातील व्यक्ती: तीन.
१. आजी. इस्त्रीकाम.
२. मुलगा. गवंडी.
३. नात. वय सहा. घरात तिला चिमणी म्हणतात.
नातीची आई: बाळंतपणात गेली. (ही केस आम्ही तिसऱ्या वर्षाला शिकवतो.)
नातीची तक्रार: दम लागणे. छातीत शिटी. कोळसे पेटवताना आणि नंतर दोन तास जास्त.
उपचार: पंप. लागेल तेव्हा दोन दाब.
प्रतिबंध:

ही ओळ कोरी आहे, कारण ती विद्यार्थ्यांनी भरायची असते.

*

गवंड्यानं आजवर या शहरात किती खिडक्या बसवल्या असतील, त्याची गणती त्यालाच ठाऊक नाही. बोटभर माणूस, पण हात असे की वीट त्याच्या हातात पाव वाटते. चार वर्षांपूर्वी, चिमणीला पहिल्यांदा दम लागला तेव्हा, तो विभागात आला. सरांच्या खोलीत. चपला बाहेर काढून.

"साहेब, एका दिवसाचं काम आहे. सकाळी भिंत फोडतो, दुपारी चौकट, संध्याकाळी वारा."

"फोडायचीच आहे," सर म्हणाले. "बस ना. उभा का? परीक्षा तेवढी होऊ दे."

सर कधी आवाज चढवत नाहीत. चिमणीला दर वर्षी रंगीत पेन्सिली देतात. आजीला म्हणतात, "तुम्ही तर आमच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या प्राध्यापक." आजी लाजते. तिला ते खरंच वाटतं, आणि एका अर्थी आहेही.

पुढची चार वर्षं अशी.

परीक्षा होऊ दे.
तपासणी पथक येतंय, त्यांना पद्धत दाखवायची आहे.
नापासांची पुरवणी परीक्षा राहिली आहे.
बारा वर्षांचे आकडे एकसारख्या घराचे हवेत, मध्येच घर बदललं तर अभ्यास वाया जाईल.
परीक्षा होऊ दे.
या वर्षी नक्की. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी. मी स्वतः उभा राहीन.

"तू स्वतः उभा राहू नकोस बाबा," गवंडी बाहेर आल्यावर मला म्हणाला, म्हणजे सरांना उद्देशून, मला ऐकवत. "तू फक्त बाजूला हो."

"मग फोड ना तू," मी म्हणाले. "घर तुमचं आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "घर आमचं आहे, मॅडम. कोट तुमचे आहेत."

साठ विद्यार्थी, प्रत्येकाचे दोन कोट, शिवाय वरच्या वर्गांचे. ते दुसऱ्या कुणाला देऊ, असं सर कधी म्हणाले नव्हते. म्हणण्याची वेळच आली नव्हती.

*

या वर्षीची परीक्षा. सकाळी नऊ.

पिंप उघडं. पाकिटं खाली. फरशी ओली. मागच्या खोलीत तीन इस्त्र्यांमध्ये कोळसे पेटलेले, कारण थंड खोलीत दोष दिसत नाही.

चिमणीला शेजारच्या शिंपिणीकडे पाठवायचं. हेही यादीत आहे, माझ्याच अक्षरात. तिचा खोकला ऐकला की मुलं मान वर करतात, इकडेतिकडे बघतात आणि मग त्यांना भिंत दिसते. एकाला खोकला ऐकू यावा आणि दुसऱ्याला येऊ नये, हे न्याय्य नाही. परीक्षा सगळ्यांना सारखी हवी.

"मी गप्प बसते ना," चिमणी म्हणाली. "मी तोंड दाबून बसते."

"तोंड दाबलं तर शिटी वाजते तुझी," आजी म्हणाली. "जा. काकू बटणं देतील खेळायला."

ती गेली. मी खोलीवरून शेवटची नजर फिरवली. खुंटीवर तिचा पंप लटकत होता, निळा. निळा पंप दिसला की कुणीही ओळखेल, घरात दम्याचा पेशंट आहे. दम्यावरून धूर, धुरावरून खिडकी. आयते चार गुण. मी तो काढला आणि माझ्या कोटाच्या खिशात टाकला. (निरीक्षणशक्ती: एक गुण. पुढचा विचार: शून्य.)

एक नंबर आला. "आजी, पाणी झाकून ठेवावं."

"ठेवते हं बाळा," आजी म्हणाली. जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

दोन नंबर. पाणी झाकून ठेवावं. ठेवते हं बाळा.

नऊ नंबर. आजी, जंतू म्हणजे अतिशय सूक्ष्म असे जीव. अगोबाई.

चौदा नंबर घाबरून आजीऐवजी पिंपालाच सल्ला देऊन गेला. बाहेरचे परीक्षक हसले, सर हसले, मी हसले. आजी हसली नाही. "चांगला मुलगा आहे," म्हणाली, "लाजतो."

सव्वीस नंबरनं विचारलं, "आजी, तुम्ही शिकलेल्या आहात का?"

"नाही रे. मी शिकवते."

एक्केचाळीस नंबर आत असताना शिंपीण आली. गळ्यात टेप तशीच. धावत.

दारात शिपाई. "परीक्षा चालू आहे, आत जाता येणार नाही."

"अहो, पोरीचे ओठ काळे पडलेत! पंप द्या तिचा! कुठे आहे पंप?"

आजीनं खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी. ती फळीवर शोधू लागली, डब्यामागे, कोटांच्या ढिगात. एक्केचाळीस नंबर वही छातीशी धरून मध्येच उभा. आणि मी, मी पण शोधायला लागले. हे मी इथे लिहून ठेवते. पाच-सहा सेकंद मीही फळीवर हात फिरवला. मग हात खिशाला लागला.

दोन दाब. आणखी दोन. आणखी दोन. शिंपिणीच्या घराच्या उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन. चिमणीच्या मुठीत बटणं होती, ती मूठ सोडत नव्हती. तिच्या बरगड्यांमधली जागा दर श्वासाला आत जात होती. तिला पाठीवर टाकून शिपाई रुग्णालयाकडे पळाला. मागे शिंपीण. मागे आजी, अनवाणी.

"आजी," सरांनी हळूच हाक मारली. "तिकडे सगळे डॉक्टर आहेत. इथे तुम्हीच आहात फक्त."

आजी गल्लीत थांबली. तिकडे बघत. मग इकडे.

एकोणीस मुलं उरली होती. आजी परत आली, बसली, पदरानं तोंड पुसलं.

"चला," सर म्हणाले. "बेचाळीस."

*

निकाल. खिडकी दिसली: अकरा. नापास: एकोणीस.

एक्केचाळीस नंबरला सरांनी पुन्हा संधी दिली, त्याची दोन मिनिटं गोंधळात गेली म्हणून. तो पुन्हा आला आणि पास झाला. सरांचं असं असतं, ते कुणावर अन्याय होऊ देत नाहीत.

*

चिमणी चौथ्या दिवशी खाटेवर उड्या मारत होती. मुलांच्या वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं घरी सोडायचा कागद तयार केला. गवंडी छिन्नी-हातोडा घेऊनच आला होता, पिशवीत, वॉर्डात. मला दाखवला.

"उद्या ती घरी, उद्याच भिंत. आता मला कुणी थांबवून बघावं."

मी हे सरांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण मी सगळं सांगते. सर खिडकीशी उभे होते. त्यांच्या खोलीला दोन खिडक्या आहेत.

"तो रागावलाय, साहजिक आहे," ते म्हणाले. "बापाचं काळीज. पण बघ, एकोणीस मुलांची पुरवणी अकरा दिवसांवर आहे. नवं घर शोधायचं, दोष ठरवायचे, गुण बसवायचे, कधी करणार? एकोणीस मुलांचं वर्ष जाईल. आणि खिडकीची घाई कुणासाठी? चिमणीसाठी. धूर कुणाला बाधतो? चिमणीला. बरोबर? मग चिमणी धुरात नसली की झालं."

मला कळलं नाही.

"वॉर्डात राहू दे तिला पुरवणीपर्यंत. स्वच्छ हवा, तीन वेळा जेवण, डोळ्यांसमोर डॉक्टर. याला काय म्हणतात?"

"प्रतिबंध, सर."

"चिठ्ठी लिही. मी सही करतो."

मी लिहिली. "घरातील वातावरण अद्याप अनुकूल नसल्याने बालिकेस आणखी अकरा दिवस निरीक्षणाखाली ठेवावे." वॉर्डातला तरुण डॉक्टर मागच्या वर्षी आमचाच विद्यार्थी. त्यानं चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "मॅडम, इथे फ्लूची पोरं आहेत. एका खाटेवर दोन-दोन. बरं पोर इथे कशाला ठेवायचं?"

"सरांची सही आहे," मी म्हणाले.

त्यानं घरी सोडायचा कागद फाडला. चार तुकडे. टोपलीत नीट टाकले.

गवंडी मात्र चिठ्ठीवर खूश झाला. मोठ्या साहेबांनी स्वतः लक्ष घातलं, आता भिंत पुरवणीनंतर फोडली तरी चालेल, म्हणाला. आजी तर हात जोडून आली. "बरं झालं मॅडम. तिकडे धूर नाही. मीही निर्धास्त कोळसे पेटवते आता."

*

पुरवणीची सकाळ. एकोणीस.

मी मांडणी करायला आले तेव्हा आजी पायात चप्पल अडकवून दारात.

"चिमणीला ताप भरलाय रात्रीपासून. खोकतेय म्हणे. बाप तिथेच आहे तिचा. मी जरा जाऊन येते."

"आजी, एकोणीसच आहेत. बारापर्यंत संपेल. मग दिवसभर बसा तिच्याजवळ."

"दहा मिनिटांत येते की."

"बाहेरचे परीक्षक गाडीतून उतरलेत."

तिनं चप्पल काढली. एक काढली, थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग दुसरी काढली.

"आणि उद्या भिंत," ती म्हणाली.

"उद्या भिंत."

"तुझ्या तोंडून बरं वाटलं. तू खोटं बोलत नाहीस. लहान होतीस तेव्हा माझ्यासमोर खरं खरं सांगून गेलीस, आजी, भिंतीला खिडकी पाडा म्हणून. एवढी मोठी वेणी होती तुझी."

मी तिचा फोन मागितला. परीक्षेत मध्येच वाजू नये म्हणून सगळ्यांचे फोन पत्र्याच्या डब्यात ठेवायचा नियम आहे. तिनं दिला. मी बंद आवाजावर केला आणि डब्यात ठेवला. माझा माझ्याजवळ, कारण मी परीक्षा चालवते.

एक. पाणी झाकून ठेवावं. ठेवते हं बाळा.

तीन. हात साबणाने. हो हो.

पाच. आजी, आजार होऊच नये म्हणून आपण आधीच

माझा फोन थरथरला. वॉर्डातला तरुण डॉक्टर. "चिमणीला ऑक्सिजन लावलाय. दोन्ही फुप्फुसं भरलीत. आजीला पाठवा."

मी सरांजवळ गेले. फोन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

"अरेरे," ते म्हणाले. मग चष्मा खाली केला. "किती राहिले?"

"चौदा."

"ती जाऊन काय करणार सांग? ऑक्सिजन लावणार? बाप आहे तिथे. आणि ही उठली तर परीक्षा रद्द. चौदा घरांत आज संध्याकाळी रडारड." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू जरा लवकर लवकर आटप."

मी लवकर लवकर आटपलं. आठ मिनिटांची सहा केली. (समयसूचकता: एक गुण.)

सात. डास. आठ. डास, पण जास्त वेळ. दहा नंबर मागच्या खोलीतून डोळे पुसत आली आणि म्हणाली, आजी, तुमचे कपडे जरा घडी घालून

आजी मधेच मला म्हणाली, "मॅडम, काही निरोप?"

"नाही."

"नाही ना? निरोप नाही म्हणजे बरं असणार."

अकरा. बारा. पत्र्याच्या डब्यात काहीतरी खरखरत होतं, टेबलाला पाठ लावून बसलेल्या परीक्षकांनी विचारलं, "उंदीर आहे का? हाही दोष धरता का तुम्ही?" सर म्हणाले, "नाही, उंदीर यादीत नाही." खरखर थांबली. पुन्हा सुरू झाली. थांबली. मी डब्यावर माझी वही ठेवली.

पंधरा नंबर आत असताना तरुण डॉक्टरचा दुसरा निरोप आला. दोन शब्द होते. वेळही लिहिली होती, अकरा वाजून बावीस. आम्हीच शिकवतो तसं, वेळेसकट.

मी वाचला. मान वर केली तर सर माझ्याकडेच बघत होते. मी काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. चार बोटं वर केली, टेबलाखालून, फक्त मला दिसतील अशी. चार राहिले.

आता इथे परीक्षा थांबवता आली असती. दार उघडं होतं. आजी माझ्यापासून चार हातांवर होती. एक वाक्य पुरलं असतं. मी पुष्कळ विचार केला, असं मला नंतर वाटलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले:

"सोळा नंबर."

सोळा. आजी, लहान मुलं असतील तर औषधं वर ठेवा. "आहे ना, नात आहे माझी. सहा वर्षांची. ठेवते हं."

सतरा. तुमच्या नातीचं लसीकरण झालंय का? "सगळं झालंय. कार्ड दाखवू?" आजी उठायला लागली. नको आजी, वेळ संपली.

अठरा. काहीच बोलली नाही, रडायला लागली. पुन्हा नापास होईन म्हणाली. आजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, माझी नजर चुकवून पिंपाकडे भुवई उडवली. "झाकण," तोंड न हलवता म्हणाली. सरांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

एकोणीस. उंच मुलगा, कोटाच्या बाह्या अपुऱ्या. मागच्या खोलीत गेला तो बाहेर येईना. सहा मिनिटं झाली, सात झाली. मी आत डोकावले. तो भिंतीला हात लावून उभा होता. एका जागी तळवा, मग दुसऱ्या जागी, एखाद्या पेशंटची छाती तपासावी तसा. बाहेर येऊन त्यानं वही मिटली आणि आजीसमोर उकिडवा बसला.

"आजी, बाकी काही सांगत नाही. त्या भिंतीला खिडकी करून घ्या. आजच. त्या खोलीत लहान मूल असेल तर त्याचे फार हाल होत असतील."

आजीनं त्याचे दोन्ही हात धरले.

बाहेरच्या परीक्षकांनी वाकून सरांना विचारलं, "किती?"

"चारपैकी चार," सर म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "समजेल अशा भाषेत, यालाही एक."

मी लिहिलं.

परीक्षक गाडीत बसले. सर त्यांना सोडायला गेले ते परत आले नाहीत. शिपायानं टेबल उचललं. मी बोळात गेले, फळीआडून झाकण काढलं, पिंपावर बसवलं. पाकिटं वर ठेवली. फरशी पुसली. आणखी काय काय राहिलंय ते यादीत पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

आजीनं पायात चपला घातल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत चिमणीचा इस्त्री केलेला फ्रॉक.

"झालं ना सगळं?"

"झालं."

"कुणी राहिलं नाही ना आता? पुन्हा म्हणशील, आणखी एक नापास निघाला."

"नाही. सगळे पास होतील."

"मग सांगू ना त्याला? चिमणी बरी झाली की लगेच भिंत. नाही, आधीच. ती यायच्या आत झाली पाहिजे, धूळ उडते फार."

मी वही बाजूला केली, डबा उघडला. तिच्या फोनवर सत्तावीस वेळा मुलाचा फोन येऊन गेला होता. आकडा तिला वाचता येतो, पण चष्मा तिच्या डोक्यावर होता.

"सांगा," मी म्हणाले, आणि फोन तिच्या हातात दिला.

तिनं बटण दाबलं, कानाला लावला, दुसऱ्या हातानं मला थांब अशी खूण केली. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला असावा.

"अरे ऐक," आजी हसत म्हणाली, "झाली बाबा एकदाची परीक्षा."